ताने, तो पदर ओला होता

"आये, पानी दे गं, पानी," असं तू ओरडत होतीस आणि तुझ्या आईनं पदराचा बोळा तुझ्या तोंडावर दाबून धरला होता. तू पाय झाडत होतीस, पण त्यात जोर उरला नव्हता. डोळे खोल गेले होते. बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतलेल्या बाईसारखी सुरकुतली होती. जवळच तुझा आज्जा मांडीवर काठी आडवी घेऊन बसला होता. तुला पटकी झाली होती, आणि तुला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. मी तुझ्या पायाशी बसले होते. मी आणलेली आपल्या सरबताची कळशी तुझ्या आईच्या पाठीमागं होती.

त्या दिवसावरून आपण जन्मभर भांडलो. आता तू गेलीस. पंधरवडा झाला नाही अजून. दहाव्याला मी नदीवर आले होते. बायका म्हणत होत्या, फार मायाळू बाई होती. तू मायाळू नव्हतीस. हट्टी होतीस, तोंडानं फटकळ होतीस आणि धंद्यात सख्ख्या भावाला सोडणारी नव्हतीस. मेलेल्या माणसाला लोक घासूनपुसून चकचकीत करतात, मग ते कुणाचंच राहत नाही. मला तू होतीस तशीच पाहिजे. तुझ्याशी बोलायचं राहिलेलं आहे, ते तशा तानीशीच बोलता येईल.

आपला धंदा लढाईमुळं सुरू झाला. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कऱ्हाडची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं मोठी लोखंडी भट्टी बसवलेली. आमच्या गावाबाहेरची चढण आली की मोटारीचा दम संपायचा. ड्रायव्हर माणसं खाली उतरवायचा, क्लिनर भट्टीत कोळसा ओतून पंखा फिरवत बसायचा, आणि धुरानं काळे झालेले उतारू चिंचेखाली येऊन पाणी मागायचे. तुमची मेंढरं त्या उन्हाळ्यात आमच्या रानात बसली होती. दरवर्षी जतकडून तुम्ही यायचात, तुमच्या मेंढरांनी आमच्या शेतात खत टाकायचं आणि आमच्या घरानं तुम्हाला धान्य घालायचं, असा जुना व्यवहार होता. माझी आई माहेरी बाळंतपणाला, बाप पलटणीत, आणि घर काकीच्या ताब्यात. मी शाळा सुटली की तुझ्याकडं पळायचे. तुला शाळा नव्हती. तू दिवसभर मोकळी आणि दिवसभर डोक्यात काहीतरी शिजत असलेली.

एका उतारूला मी घरून तांब्याभर पाणी आणून पाजलं. त्यानं भोकाचा पैसा पुढं केला. मी हात मागं घेतला. पाण्याचे पैसे घेतात का कधी? तू माझ्या बगलेतून हात घालून तो पैसा घेतलास आणि त्याला म्हणालीस, "मामा, उद्या या. उद्या लिंबू घालून दिऊ."

काकीच्या कानावर ते गेलंच. तिनं मला वेणी धरून उभं केलं.

"पानी इकता व्हय गं? आपल्या घरानं आजवर कुनाकडं पान्याचं पैसं मागितलं न्हाईत. तुझा बा तिकडं लढाईवर, आनि तू रस्त्यावर पानी इकतीस?"

मी रडायच्या बेतात होते. तू उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणालीस, "आवं काकी, पानी फुकटच हाय. आमी लिंबाचं पैसं घेतो."

"आनि लिंबं कुनाची गं, सावकारीन?"

"तुमचीच. पन झाडाखाली पडून कुजत्यात न्हवं?"

काकी हसू दाबायला गेली आणि तिला ते जमलं नाही. तिनं एकच अट घातली. जो नुसतं पाणी मागेल त्याला फुकट पाजायचं, आणि त्याला आधी. तू लगेच मान डोलावलीस. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "फुकटचं पानी उनात ठिवू. सरबत सावलीला." आणि तसंच केलंस. पाण्याची पितळी घागर उन्हात तापत ठेवलीस, आणि सरबताच्या कळशीला ओलं फडकं गुंडाळून चिंचेच्या बुडाशी. लोक ऊन पाण्याचा एक घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि तुझ्याकडं वळायचे.

आपल्याकडं पेले नव्हते. असते तरी कुणाच्या तोंडचा पेला कुणी तोंडाला लावला नसता. माणूस ओंजळ करून वाकायचा आणि तू वरून तांब्या ओतायचीस. त्यामुळं ज्याचा हात मोठा त्याला फायदा. मोटारीचा ड्रायव्हर तालमीतला गडी होता, त्याची ओंजळ भरता भरायची नाही.

"पैलवान, ही वंजळ हाय का घमेलं?" तू त्याला विचारायचीस.

"पोरी, हात काय कापून घिऊ?"

"कापू नगा. बोटं जरा आखडून धरा."

उतारू हसायचे. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम चार माणसांना सांगून घेऊन यायचा, या पोरीचं तोंड ऐका म्हणून. धंदा सरबतावर चालतो असं मला वाटायचं. तो तुझ्या तोंडावर चालला होता.

आणि ते मीठ. मी गुळाचं पाणी करून लिंबू पिळायचे, मला ते गोडच आवडायचं. तू चिमटीनं मीठ टाकलंस. मी चव घेतली आणि थुंकले.

"मेंढरं मीठ चाटल्याबिगर नीट पानी पीत न्हाईत," तू म्हणालीस. "मानसाचं बी तसंच."

"मानसं काय मेंढरं हायत व्हय गं?"

"मोटारीतनं उतरत्यात तवा बग. तशीच दिसत्यात."

लोकांना मीठ आवडलं. मी हरले. त्या दिवसापासून सरबतात मीठ पडायला लागलं, आणि मी आजही म्हणेन की ते जरा जास्तच पडायचं.

वैशाखात पटकी आली. आधी खालच्या आळीत, मग सगळीकडं. मोटार बंद झाली. सरकारी माणूस तिला कॉलरा म्हणाला, त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं, दवंडी पिटली, आणि अर्धं गाव रानात खोपी घालून राहायला गेलं. मला वाटलं, धंदा बुडाला. तू म्हणालीस, "मोटार न्हाई तर न्हाई. मानसं रानात हायती. आपुन रानात जाऊ." काकी त्या दिवसांत पाणी उकळूनच देत होती. मी तसल्या पाण्याचं सरबत केलं, मीठसुद्धा घातलं, आणि सकाळी कळशी घेऊन तुला बोलवायला तुमच्या पालावर आले. तेव्हा तू तशी पडलेली होतीस.

तुझ्या आज्ज्याबद्दल तू नंतर फार गोड बोलायचीस. मलाही त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. तो काठी धरून बसला होता आणि त्याच्या मिशीवर डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं. त्याचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. हगवण लागलेल्या मेंढराला पाण्यापासून लांब बांधायचं, हे त्यानं त्याच्या बापाकडून घेतलं होतं. त्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं आणि नात त्याला जिवापेक्षा जास्त होती. म्हणून त्यानं नातीला तहानलेलं ठेवलं. ओल्या फडक्यानं ओठ पुसायला तेवढी त्याची ना नव्हती. तुझा बाप आणि चुलते मेंढरं घेऊन पुढं गेलेले. पालावर तो, तुझी आई, तू, आणि आता मी.

आता ऐक. हे मी तुला किती वेळा सांगितलं, पण तू कधी शेवटपर्यंत ऐकलं नाहीस. मधेच उठून जायचीस. आता उठून जाता येणार नाही.

तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं, मग कळशीकडं बघितलं. मोठ्यानं, आज्ज्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुंद्रे, ती कळशी हितं माज्या पाठीमागं ठिव. उनात तापल." मी ठेवली. ती कळशीकडं पाठ करून बसली. तिनं एक हात मागं नेला, पदराचं टोक कळशीत बुडवलं, मुठीत धरून पुढं आणलं आणि तुझ्या तोंडावर दाबलं. दाबलं आणि मूठ आवळली. तुझ्या हनुवटीवरून ओघळ आला, तो तिनं दुसऱ्या हातानं चटकन पुसला. तू ओरडलीस, कारण तेवढ्यानं तुझं भागत नव्हतं. आज्ज्याला वाटलं ती तुझं तोंड बंद करते आहे. तो म्हणाला, "दाबून धर, बया. रडू दे तिला." ती म्हणाली, "व्हय, मामंजी." आणि पुन्हा हात मागं नेला.

मी तुझ्या पायाशी बसले होते. मला ते जवळून दिसत होतं.

मधेच तो म्हणाला, "लिंबाचा वास कुटनं येतोय?"

तुझ्या आईचा हात थांबलासुद्धा नाही. "उलटीची घान जावी म्हनून लिंबू चिरलंय," ती म्हणाली.

तुझ्या पोटात ते राहत नव्हतं. तू ओकायचीस, ती पुसायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. ऊन चढल्यावर तिनं त्याला सांगितलं, "मामंजी, तिकडं ओढ्याकडं कोकरू वरडतंय, बगा की जरा." कोकरू कुठलं आलं तिथं? सगळी मेंढरं पुढं गेलेली. पण तो उठला. तो गेला की ती पदर सोडून द्यायची आणि ओंजळीनं पाजायची. तो परत आला की पुन्हा पदर. कळशी संपली तेव्हा मला म्हणाली, "आनखी आन. रोज करता तसंच कर. ती तसंच पिती." मी घरी पळाले आणि करून आणलं. पुन्हा कळशी तिच्या पाठीमागं.

ती स्वतः काही पीत नव्हती. मी म्हटलं, "तुमी घ्या की घोटभर." ती म्हणाली, "तिला पुरू दे आदी."

दिवस कलला तेव्हा तू डोळे उघडून मला म्हणालीस, "सुंद्रे, मीठ कमी पडलंय." त्यावरून मला कळलं की तू मरत नाहीस.

मी घरी गेले. तोवर काकीला कळलं होतं की मी पटकीच्या पालावर दिवस काढला. तिनं मला धान्याच्या खोलीत कोंडलं. काकीचं चुकलं असं मी म्हणत नाही, दुसऱ्याची पोर सांभाळत होती ती. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा काकीच म्हणाली, तानीची आई गेली. तिला संध्याकाळीच सुरू झालं होतं. आज्ज्यानं तिलाही पाणी बंद केलं. तिच्यासाठी पाठीमागं कळशी घेऊन बसणारं पालावर कुणी नव्हतं.

नंतर आज्ज्यानं तुला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. "तुज्या आयनं काळीज दगडाचं केलं, थेंब दिला न्हाई, म्हनून तू वाचलीस." तो शेवटपर्यंत तसंच समजला. आणि तुझ्या लक्षात आईचं एवढंच राहिलं, तोंडावरचा तो हात.

तुझ्या लग्नात मी तुला पहिल्यांदा खरं सांगितलं. तू हळदीच्या अंगानं बसली होतीस. म्हणालीस, "माजं मन राखाया सांगतीस." मी? मी कुणाचं मन राखलं आहे कधी? तुझा नवरा एका डोळ्यानं तिरळा आहे, हे त्याच मांडवात मीच तुला सांगितलं होतं. ते तू मानलंस. हे मानलं नाहीस.

पुढं तू कडेगावच्या स्टँडवर थंड पेयाचं दुकान घातलंस. नवऱ्यानं भांडी विसळायची आणि तू गल्ल्यावर बसायचं. मला बघितलं की ओरडायचीस, "आली बगा माजी भागीदार, उटा, जागा द्या." तिथं फुकटच्या पाण्याचा माठ सावलीत होता. मी विचारलं, आता कशी अक्कल आली? म्हणालीस, "गार पानी असलं की गिऱ्हाईक बसून ऱ्हातंय, मग कायतरी घेतंयच." आपल्यात दानधर्माचं श्रेय घेणारी बाई तू नव्हतीस.

एक गोष्ट मी तुला तोंडावर कधी बोलले नाही. माझा नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती. मी मलकापूरला डोक्यावर भाजी घेऊन विकायला गेले. पहिल्या गल्लीत आवाज फुटेना. घराण्याची लाज वाटत होती. मग मला चिंचेखाली उभी राहिलेली तू आठवलीस, हात पसरून पैसा घेणारी, डोळा खाली न करता. मी तुझ्यासारखी ओरडले. नाटक करावं तशी, तानी होऊन ओरडले. भाजी विकली गेली. पोरं त्यावर शिकली. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पण भाकरीपुरतं जे आलं ते तुझ्याकडून आलं. हे तुला सांगितलं असतं तर तू त्यात वाटा मागितला असतास, म्हणून सांगितलं नाही.

शेवटची भेट सांगलीच्या दवाखान्यात. तुझ्या हाताला सलाईन लावलेलं. बाटलीकडं बघत म्हणालीस, "आपलंच सरबत की गं हे. मीठ-साखरंचं. लिंबू इसरल्यात." सून हसली. मी म्हटलं, तोंड अजून शाबूत आहे, म्हणजे तू जगशील. चुकलं माझं.

सून चहा आणायला गेली तेव्हा मी पुन्हा तोच विषय काढला. तू आजारी होतीस, मी काढायला नको होता असं लोक म्हणतील. मग कधी काढायचा? मी म्हटलं, "ताने, तो पदर ओला हुता. मी बघितलाय."

या वेळी तू चिडली नाहीस. हाताची सलाईनची नळी सरळ केलीस. मग म्हणालीस, "सुंद्रे, तुजं खरं आसंल. पन ते खरं धरलं तर जिनं मला पाजलं तिच्यावर मी जन्मभर राग धरून बसले. तिच्या नावानं कदी निवद ठिवला न्हाई. पोरीला तिचं नाव ठिवू म्हनाले घरात, तर मी न्हाई म्हनलं. ते आता मला पेलायचं न्हाई. म्हनून ते खोटंच आसू दे."

मला तेव्हा कळलं की तू केव्हापासून तरी मानत होतीस. लग्नापासून की त्याच्याही आधीपासून, ते विचारायला पाहिजे होतं. मी वेगळंच बोलले. मी म्हटलं, "खोटं कसं आसू दे? मी काय आंधळी हाय?" तू तोंड भिंतीकडं केलंस. सून चहा घेऊन आली. मी चहा प्याले आणि एसटी चुकू नये म्हणून निघाले. तू मागं वळून बघितलं नाहीस. तुझी ती पाठ हीच आपली शेवटची भेट.

तुझ्या लेकानं मला दहाव्याला विचारलं, "मावशी, आजी कशी हुती आमची? आई कदी बोलली न्हाई तिच्याबद्दल." तिथं माणसं होती, मी म्हटलं नंतर सांगते. पण नंतर म्हणजे कधी? माझं वय काही लहान नाही. म्हणून हे लिहून काढलं. तुझा लेक वाचेल, नाती वाचतील. तू नको म्हणाली असतीस. तुझं ऐकायचं असतं तर मी तुझी भागीदार झाले नसते.

तू राग धरलास त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिला त्या दिवशी तुझ्याकडून माया नको होती. तुझ्या पोटात सरबत राहायला पाहिजे होतं. ते राहिलं. तू पुढं जे काही जगलीस, दुकान, पोरं, नातवंडं, भांडणं, ते सगळं तिनं मुठीत पिळलेल्या त्या पदरातून आलं. तू तिच्यावर रागावली असताना जगत होतीस, एवढं तिला पुष्कळ झालं असतं. हे मी मन राखायला म्हणत नाही. मीही पोरं वाढवली आहेत.

त्या दिवशी पालावर आपण चौघं होतो. तुझी आई त्याच रात्री गेली. आज्जा पुढं म्हातारा होऊन गेला. तू जगलीस ती गेल्या पंधरवड्यापर्यंत. आता मी आहे.